नवे पॅड टाकले तरी पुढचा ब्रेक धरतोच: दर पावसाळ्यात उलटणारं दुखणं

आधी कळलं ते गाडी ढकलताना. सकाळी अंगणातून बाहेर काढायला हँडल धरून मागे ओढली की पुढचं चाक विनातक्रार फिरायला हवं. माझं फिरत नव्हतं. खर्र आवाज करून चार बोटं सरकायचं आणि अडायचं. हवा कमी असेल म्हणून टायर तपासला, हवा बरोबर होती. मग एका संध्याकाळी कामावरून आल्यावर डिस्क प्लेटवर ओल्या हाताचे दोन थेंब झटकले, तर ते चर्रकन उडून गेले. त्या दिवशी वाटेत पुढचा ब्रेक जेमतेम दोनदा लावला असेल.

गाडी दीडशे सीसीची, पुढे डिस्क, मागे ड्रम. रोजचा रस्ता चिपळूणहून परशुराम घाट ओलांडून लोट्याच्या एमआयडीसीपर्यंत आणि परत. महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट चढून कराडला. पावसाळ्यात इथला लाल चिखल गाडीच्या ज्या सांदीत शिरतो तिथून दिवाळीपर्यंत निघत नाही. अशा रस्त्यावर ब्रेकचे पॅड, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, लवकर झिजणार, हे मान्य. पण चौदा महिन्यांत तीन सेट? आधीच्या गाडीत याच रस्त्यावर एक सेट वीस हजार किलोमीटरच्या आसपास जायचा. हिचा तिसरा सेट चार हजारांतच संपला. गॅरेजमध्ये दर वेळी तेच झालं: जुने पॅड काढले, नवे टाकले, लिव्हर दोन-चारदा दाबली, "घ्या, झालं". आणि पंधरा दिवसांनी चाक पुन्हा जड.

पॅड बदलूनही ज्यांचा त्रास तसाच आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिल्यांदाच घरी पॅड बदलणाऱ्यालाही खाली सगळी रीत सापडेल. पण झिजलेला पॅड म्हणजे ताप. मी दर वेळी ताप उतरवायची गोळी घेत होतो, दुखणं कुठे आहे ते पाहिलंच नव्हतं.

जुना पॅड टाकू नका

तिसऱ्या वेळी पॅड आणायला स्वतः गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. त्याच नावाच्या गाडीला पुढच्या साली वेगळा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, आलेला असतो. म्हणून जुना सेट नमुन्याला खिशात घातला होता. दुकानदाराने दोन्ही पॅड काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "दादा, एकच खाल्लाय की. दुसरा अजून अर्धा आहे." आधीचे दोन सेट मी गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात सोडून आलो होतो. ते कसे झिजले होते, ते आता कोण सांगणार?

तर पॅड काढल्यावर आधी उजेडात धरून पाहा. पिस्टनच्या, म्हणजे पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्याच्या, बाजूचा संपलेला आणि समोरचा बराच शिल्लक असेल, तर कॅलिपर आपल्या पिनांवर सरकत नाही. माझं दुखणं हेच होतं. एखादा पॅड पाचरीसारखा झिजला असेल, म्हणजे एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, तर तोही बहुधा पिनांकडेच बोट दाखवतो. कॅलिपर तिरका अडकलेला असतो. पॅडमागची पत्र्याची स्प्रिंग वाकडी बसली असेल तरीही असं होतं. दोन्ही पॅड सारखेच, पण झपाट्याने झिजत असतील आणि डिस्क तापत असेल, तर पिस्टन मागे येत नाही किंवा तेलाचा दाब सुटत नाही. पॅड तेलकट दिसत असेल, तर पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या ऑईल सीलवर बोट फिरवा. तिथून गळणारं तेल ओघळून थेट डिस्कवर येतं, आणि अशा पॅडला कितीही धुतलं तरी तो पुन्हा धड पकडत नाही.

जाडीचं म्हणाल तर बहुतेक पॅडला मधोमध एक चर असतो. तो चर दिसेनासा झाला की पॅड संपला. चर नसेल तर लोखंडी पट्टीवरचा मसाला दीड मिलिमीटरवर आला की मी बदलतो. त्यापुढे ताणण्यात अर्थ नाही. लोखंडाला लोखंड लागलं की दोन-तीनशे रुपयांच्या पॅडपायी कितीतरी महाग डिस्क जाते.

आता कॅलिपर चालतो कसा, ते थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर होईल. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर 'फ्लोटिंग' असतो. पिस्टन एकाच बाजूला. लिव्हर दाबली की तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टन आपल्याकडचा पॅड डिस्कला टेकवतो, आणि मग त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर उलट्या दिशेला सरकून समोरचा पॅड दुसऱ्या अंगाने आणतो. हे सरकणं रबरी बुटांत झाकलेल्या दोन गुळगुळीत पिनांवर होतं. पिन गंजली किंवा कोरडी पडली की कॅलिपर जागचा हलत नाही. मग पिस्टनकडचा पॅड एकटाच डिस्कला रेटत बसतो, आणि लिव्हर सोडली तरी तिथून पुरता सुटत नाही.

लिव्हर सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग कुठे आहे, हे मी बरेच दिवस शोधत होतो. स्प्रिंग नसतेच. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती त्याला धरून किंचित पिळली जाते, दाब सुटला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड आणि डिस्कमधली मोकळीक ती एवढीच. म्हणून पिस्टनच्या अंगावर चिखलाचा एक पापुद्रा बसला तरी ब्रेक धरायला तेवढा पुरतो.

चाक धरतंय ते नेमकं कुठून

गाडी मेन स्टँडवर लावा, मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. चाक हाताने फिरवा. हलकी सुस्स अशी घासट येत राहते, ती चालते. चाक दीड-दोन फेरे घेऊन थांबलं तरी काळजी नाही. आता लिव्हर घट्ट दाबून सोडा आणि पुन्हा फिरवा. फिरायला जड गेलं तर रोग आहे.

पुढची चाचणी मला फार उशिरा कळली, आणि तीच सगळ्यात कामाची. चाक घट्ट धरलेलं असतानाच कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला (तेल आणि हवा बाहेर काढायची बारीक तोटी) एक पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा, आणि निपल पाव आटा सैल करा. तेलाची पिचकारी येऊन चाक लगेच मोकळं झालं, तर कॅलिपर निर्दोष आहे. वरून दाब अडकलाय. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर अडकलंय ते कॅलिपरमध्येच: पिना किंवा पिस्टन. निपल लगेच बंद करा. ही चाचणी केली की नंतर हवा काढून घ्यावी लागते, ती तयारी ठेवूनच निपलला हात लावा.

दाब वरून अडकण्याची मला ठाऊक असलेली कारणं तीन. पहिलं मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे लिव्हरपाशी तेल खाली ढकलणाऱ्या भागातलं, परतीचं भोक. त्याच्यावरच्या ब्रेक ऑईलच्या टाकीचं झाकण उघडल्यावर तळाशी दोन भोकं दिसतात, त्यातलं बारीक सुईच्या टोकाएवढं असतं. जुन्या तेलाचा गाळ तिथे बसला की खाली गेलेलं तेल परत वर येऊ शकत नाही. गाडी तापली की तेल फुगतं, जायला वाट नसते, आणि ब्रेक आपोआप लागत जातो. सकाळी ठीक आणि दहा किलोमीटरनंतर जाम, असं असेल तर आधी इथे पाहा. दुसरं कारण लिव्हर. गाडी पडली, लिव्हर मोडली, मिळेल ती बाजारातली लावली. तिचं नाक अर्धा मिलिमीटर लांब असलं तर ती मास्टरच्या पिस्टनला कायम दाबून ठेवते आणि तेच परतीचं भोक झाकून टाकते. लिव्हरला बोटाने हलवल्यावर दाब यायच्या आधी किंचित खेळ जाणवला पाहिजे. लिव्हर बदलल्यापासूनच ब्रेक धरत असेल तर कॅलिपर खोलूच नका. तिसरं कारण रबरी होज, म्हणजे तेल कॅलिपरपर्यंत नेणारी नळी. बरीच जुनी झाली की ती आतून सुजते आणि तेलाला एकाच दिशेने जाऊ देते. बाहेरून अगदी धडधाकट दिसते, म्हणून हिच्यावर संशय सगळ्यात शेवटी जातो.

माझ्या गाडीचं निपल उघडूनही चाक हललं नाही. म्हणजे कॅलिपर.

खोलताना

बारा नंबरचा रिंग पाना किंवा सॉकेट, पॅड जागेवर धरणाऱ्या पिनेसाठी (कॅलिपरच्या सरकत्या पिना वेगळ्या) ॲलन की (माझ्या गाडीला ५ ची लागते), जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, ब्रेक क्लीनरचा कॅन, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज, थोडी तार, आणि टाकून द्यायची फडकी. ग्रीस आणि क्लीनर सोडलं तर बाकी घरातच सापडतं.

कॅलिपर फोर्कवर असतानाच पॅडची पिन सैल करून ठेवा. ती वर्षभर पाण्यात भिजलेली असते आणि भलतीच घट्ट असते. कॅलिपर सुटा झाला की त्याला धरायला जागा उरत नाही, मग ॲलन की घसरते आणि पिनेचा षटकोन गोल होतो. तो गोल झाला की काम घरचं राहत नाही. मी पहिल्यांदा हेच केलं आणि दीड तास पक्कडीशी झटापट केली. काही गाड्यांत पिनेवर आधी एक छोटं आट्याचं झाकण असतं, ते सपाट स्क्रू ड्रायव्हरने निघतं.

मग तेलाच्या टाकीचं झाकण. टाकीखाली आणि पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं पसरा, कारण ब्रेक ऑईल रंग खातं. पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे येतो आणि टाकीतली पातळी उतरते. पातळी उतरली म्हणून कुणीतरी मधेच तेल टाकून ती भरलेली असते. आता नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलला की ते जादा तेल उलटं वर येतं आणि टाकीबाहेर सांडतं. माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवर रुपयाएवढा डाग आहे, तो असाच पडला. तेव्हा सिरिंजने थोडं तेल आधीच ओढून घ्या. सांडलंच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता; ते पाण्यात विरघळतं.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, कॅलिपर डिस्कवरून सरकवून बाहेर घ्या आणि तारेने हँडलला किंवा फोर्कला टांगा. होजवर लोंबकळत सोडू नका. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची बारीक वायर कुठे अडकवलेली आहे ते आधी पाहून ठेवा. मोबाइलवर दोन फोटो काढा, विशेषतः पत्र्याची स्प्रिंग कुठल्या तोंडाने बसलीये त्याचा. ती उलटी बसू शकते, आणि उलटी बसली की पॅड खडखडतात.

पॅड बाहेर असताना लिव्हरला कुणी हात लावायचा नाही. घरात पोरं असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. हँडलवर लिव्हर दिसली की ती दाबल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पिस्टन पूर्ण बाहेर पडला की तेल जातं, हवा शिरते आणि रविवार संपतो.

आता पिस्टन. तो लगेच मागे ढकलायचा मोह आवरा. बाहेर आलेल्या भागावर चिखल आणि पॅडची काळी भुकटी घट्ट बसलेली असते. तशीच आत ढकलली तर ती थेट त्या चौकोनी रबरावर जाते, आणि तुमच्याच हाताने पुढच्या जामची सोय होते. नवे पॅड टाकल्यावर पंधरा दिवसांत ब्रेक का धरतो, याचं हे एक उत्तर. टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने पिस्टन गोल फिरून चकचकीत होईपर्यंत घासा, मागची बाजू विसरू नका, आणि शेवटी ब्रेक क्लीनर मारा. सुकी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. ती छातीत जाते, आणि स्वस्तातल्या अनोळखी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओली करून पुसा. मग अंगठ्यांनी पिस्टन हळूहळू आत सरकवा. स्वच्छ पिस्टन जोर लावल्यावर सरळ जातो. जात नसेल, तिरका होत असेल किंवा त्याच्यावर गंजाचे खड्डे दिसत असतील, तर सील किट आणि पिस्टन बदलायचं काम आहे. हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हरची टोचणी, यातलं काहीही पिस्टनच्या कडेला लावू नका.

पिना, आणि माझी चूक

कॅलिपर आणि तो ज्याच्यावर सरकतो तो ब्रॅकेट दोन हातांत धरून मागे-पुढे सरकवले की ते लोण्यासारखे सरकायला हवेत. माझे हललेच नाहीत. फिरवत, ओढत, थोडं ब्रेक क्लीनर मारत एक पिन निघाली. अर्धी चमकदार, अर्धी तांबडी, आणि तिच्यावर चहाच्या साखरेसारखं जमलेलं जुनं ग्रीस. दुसऱ्या पिनेचा बूट फाटलेला होता. आत पाणी आणि मातीचा लगदा. तीन वेळा पॅड बदलले गेले आणि तिन्ही वेळा या पिना कुणी बाहेर काढल्याच नव्हत्या.

बारीक पॉलिश पेपरने पिना घासल्या, भोकं कापडाची वात फिरवून साफ केली, नवे बूट आणले. आणि मग घरात डब्यात होतं ते चेनला, स्टँडला, दाराच्या बिजागरीला चालणारं पिवळं ग्रीस भरपूर चोपडलं. गाडी फुलासारखी चालायला लागली. मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो.

दोन महिन्यांनी चाक पुन्हा जड. उघडून पाहिलं तर नवे बूट फुगून मऊ, गिळगिळीत झालेले, आणि खालच्या पिनेवर टोकाला जी रबरी नळी असते ती सुजून भोकात गच्च बसलेली. साधं ग्रीस खनिज तेलाचं असतं आणि ब्रेकमधलं रबर त्याच्याने फुगतं. गंज काढून मी त्याच जागी दुसरं कारण भरून ठेवलं होतं. रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं. छोट्या पिशवीत किंवा ट्यूबमध्ये येतं, सील किटबरोबर कधी कधी फुकट असतं. दुकानात 'कॅलिपर पिनेचं' असं सांगून मागा. आणि लावायचं तेही पातळ, कुंकवाच्या डबीत बोट बुडवल्याएवढं. भोकात ठासून भरलं तर पिन आत जाताना हवेला जागा मिळत नाही आणि कॅलिपर स्प्रिंगसारखा मागे येत राहतो.

पिनेवर नखाला लागतील असे खड्डे असतील तर घासत बसू नका, पिन बदला. बूट तर दरवेळी नवेच टाकावेत असं माझं मत झालंय. सगळा खेळ त्या चिमूटभर रबरावर आहे.

बसवताना नवे पॅड तेलकट हातांनी धरू नका. डिस्क क्लीनरने पुसून घ्या. डिस्कच्या हबजवळ किमान जाडी कोरलेली असते, तीही एकदा वाचा आणि व्हर्नियरने मोजून पाहा. त्याखाली गेली असेल तर नवे पॅड लावून काही साधत नाही. कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानेच आवळा. आठ मिलिमीटरच्या आट्याला तो साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असतो. टॉर्क पाना नसेल तर साध्या लांबीच्या रिंग पान्याने एका हाताचा नीट जोर पुरतो. पाइप घालून ओढू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. पॅडची पिन कॅलिपर बसवल्यावर शेवटी घट्ट करा.

यानंतरची गोष्ट विसरलात तर बाकीचं सगळं फुकट. गाडी चालू करायच्या आधी लिव्हर दाबत राहा. पहिल्या आठ-दहा वेळा ती सरळ हँडलला टेकेल, कारण पिस्टन मागे ढकललेला आहे आणि पॅड डिस्कपासून लांब आहेत. हळूहळू घट्ट होईल. घट्ट झाल्याशिवाय गाडी उभ्या जागेवरून हलवू नका. आमच्या वाडीतल्या एका मुलाने पॅड सुरेख बसवले, किक मारली, उतारावरून निघाला आणि फणसाला जाऊन टेकला. सुदैवाने उतार छोटा होता. लिव्हर कितीही दाबली तरी स्पंजासारखी मऊच राहिली, तर आत हवा आहे. ती काढल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

ब्रेक ऑईलबद्दल थोडंसं

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच टाका. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलची आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं आणि ते या तिघांत मिसळायचं नाही. नावातल्या त्या '.१' वर बरंच अवलंबून आहे. ग्लायकॉलचं तेल हवेतली ओल ओढून घेतं. नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, ओल धरलेल्या डॉट ४ चा किमान १५५. कोकणात हवाच इतकी दमट की हा फरक कागदावरचा राहत नाही. कुंभार्ली उतरताना सतत ब्रेकवर राहिलं आणि तेल जुनं असलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर अचानक पोकळ लागते. म्हणून तेल दोन वर्षांनी बदलायचं, पॅड कितीही चांगले असोत. उघडी राहिलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका. आणि घाटात उतरताना गिअर खाली टाका. पॅड वाचवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

एबीएसच्या गाडीत पॅड बदलणं वरच्यासारखंच. फक्त हवा एबीएसच्या मॉड्युलेटरपर्यंत (दाब कमी-जास्त करणारा भाग) गेली असेल तर साध्या ब्लीडिंगने, म्हणजे निपलमधून हवा काढून, ती निघेलच असं नाही, कधी कधी स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो. तिथे मी सर्व्हिस सेंटरला जातो.

कुईंकुईं

आवाजाची तक्रार वेगळी. नव्या पॅडचा पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमधला आवाज, किंवा रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळच्या पहिल्या दोन ब्रेकमधला खरखराट, यासाठी काही करू नका. डिस्कवर बसलेला हलका गंज असतो, पॅडच तो पुसून काढतो. रोज, सुक्यात, हळू वेगात येणारी शिटी मात्र पॅडच्या थरथरण्याची असते: स्प्रिंग सैल, मागची पातळ पत्र्याची शिम काढून टाकलेली, किंवा पॅड तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला. गुळगुळीत पॅड पॉलिश पेपरवर, सपाट फरशीवर ठेवून थोडा घासला की बऱ्याचदा शांत होतो. पुन्हा लगेच चकाकला तर बदला. आवाज बंद करायला डिस्कवर तेलाचा थेंब किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारल्याचे किस्से मी ऐकलेत. आवाज बंद होतो. ब्रेकही होतो.

यावरून आठवलं. आपल्याकडे बऱ्याच वॉशिंगच्या ठिकाणी गाडी धुतली की चमक यावी म्हणून वरून डिझेल किंवा ऑईल फवारतात. 'स्प्रे मारू का?' असं विचारलं की आपण मान डोलावतो. ते डिस्कवर आणि पॅडवर बसतं. नको म्हणून सांगा. तसंच जोरदार पाण्याची नळी कॅलिपरवर जवळून धरू देऊ नका, बुटांच्या कडेने पाणी आत जातं.

पॅड बसवल्यानंतर

नवे पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगावरून दहापर्यंत वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक लावायचा, मधे मधे गार होऊ द्यायचं. पूर्ण थांबून, तापलेल्या डिस्कवर लिव्हर दाबून उभं राहायचं नाही. पहिल्या आठवड्यात पुढच्या एस.टी.पासून जरा जास्त अंतर ठेवा, आणि मागे बसणाऱ्यालाही सांगून ठेवा की आज उशीर होईल.

देखभालीचं माझं वेळापत्रक पंचांगावर चालतं. मिरगाच्या आधी एकदा पिना काढून, पुसून, नवं सिलिकॉन ग्रीस. दसऱ्याच्या आधी एकदा कॅलिपर काढून पिस्टन धुणं. दसऱ्याला तसंही गाडी धुऊन झेंडूची माळ घालायची असते, तेव्हा पान्यांचा डबा बाहेर आलेलाच असतो. मधल्या चार महिन्यांत दर रविवारी फक्त चाक फिरवून पाहायचं, आणि चिखलातून आल्यावर कॅलिपरवर बादलीभर साधं पाणी, हळू. अख्खं काम हात बसल्यावर तासाभरात होतं. पहिल्यांदा मला साडेतीन तास लागले होते, त्यात दोनदा चहा आणि एक हरवलेली स्प्रिंग.

सिलिकॉन ग्रीस लावून आता नऊ हजार किलोमीटर झालेत. गेल्या रविवारी पॅड काढून मोजले: पिस्टनकडचा २.९ मिलिमीटर, समोरचा ३.१. चाक बोटाने फिरतं. वरच्या पिनेच्या बुटाला कडेला बारीक चीर दिसली, म्हणून नवा बूट आणून टूलकिटच्या पिशवीत टाकलाय. मिरगाला अजून तीन आठवडे आहेत.